वेधशाळेचं स्टोअर रजिस्टर

पहिली नोंद माझ्याच अक्षरात आहे:
फावडी सात, घमेली अकरा, पहार एक (वाकडी).
तारीख चौदा नोव्हेंबर एकोणीसशे बहात्तर.
आकाशाचा उल्लेख कुठेच नाही.

सड्यावर तेव्हा कातळ होता आणि करवंदीच्या जाळ्या.
खानविलकर बाईंनी फक्कीनं एक वर्तुळ आखलं,
बारा फूट व्यासाचं.
गुरं त्यातून चालत गेली.
दुसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा आखलं.

मधला खांब फरशीला शिवता कामा नये, म्हणाल्या.
सगळीकडून बोटभर फट.
माणूस चालला की फरशी हलते,
फरशी हलली की शनी हलतो.
बसाप्पा गवंडी माझ्याकडे बघत राहिला,
मी रजिस्टरकडे.

सात फुटांवर पहार हातातून सुटली
आणि खाली गेली.
पडल्याचा आवाज आला नाही.
त्या तोंडात बेचाळीस पोती सिमेंट घातलं तेव्हा ते मिटलं.
ऑडिटनं विचारलं, कशासाठी?
मी लिहिलं, पोकळी भरणे.
त्यांनी लाल शाईत लिहिलं,
पोकळीचा पुरावा जोडावा.

घुमटासाठी पुण्याच्या कंपनीचा दर आला,
कुलसचिवांनी फाईल टेबलावर पालथी ठेवली.
तेव्हा बाई राजिवड्याला गेल्या,
इब्राहीम होडेकरांच्या दारात,
आणि वहीतला घुमट उलटा धरून दाखवला.
म्हातारा म्हणाला, हे तर मला येतं.

सोळा वाशे ऐनाचे, वर सागाच्या फळ्या,
सांध्यात कापूस आणि राळ, वरून मुशीचं तेल.
कॅम्पसवर महिनाभर मुलांच्या शर्टांना तो वास होता.
तयार झाल्यावर गल्लीत ट्रक शिरेना.
होडेकर म्हणाले, ट्रक कशाला?
भरतीला घुमट उताणा पाण्यात सोडला,
त्यात दोन पोरं बसवली
आणि खाडी ओलांडून आणला.
पलीकडे बीएस्सीची चाळीस मुलं, बांबू,
आणि सडा चढून वर.
(बांबू बारा. परत आले अकरा.)

पण फट बाकी होती.
होडेकरांनी मुद्दामच ठेवली होती शेवटाला.
वरपासून खालपर्यंत दोन हात रुंद पट्टा कापायचा,
बाईंनी खडूनं रेघा मारल्या.
म्हाताऱ्यानं करवत हातात घेतली, परत ठेवली.
चाळीस वर्षं भोकं बुजवली, बाई.
पाडलं एकही नाही.

मग पांचाळानं कापलं.
होडेकर तेवढा वेळ सड्याच्या टोकाशी
समुद्राकडे तोंड करून उभे.
करवतीचा आवाज थांबला तरी वळले नाहीत.
मीच गेलो हाक मारायला.
म्हणाले, आत पाणी आलं का?
मी म्हटलं, नाही, उजेड आला.
हे मी खरंच म्हटलं की नंतर मनात जुळवलं,
आता सांगता येत नाही.

दुर्बीण पावणेदोन वर्षांनी आली.
तोवर आत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते.
आली त्या रात्री बाईंनी पहिला डोळा होडेकरांना लावायला लावला.
मोतीबिंदू होता, त्यांना काहीच दिसलं नाही.
मग कंदील मागितला
आणि फटीच्या कडेनं, फळीमागून फळी,
सांधे बघत फिरले तासभर.
शनी तेवढ्यात कलला.

दगडावर कुलगुरूंचं नाव आहे, कार्यकारी अभियंत्यांचं आहे.
आता घुमट फायबरचा, बटणावर फिरतो.
जुन्याचे वाशे भंगारात निघाले तेव्हा
प्रत्येकावर डांबरानं काढलेला आकडा दिसला, उर्दूत.
मी सात नंबरचा मागून घेतला.
किंमत तीन रुपये, पावती फाडली.

बोटभर फट मात्र अजून तशीच आहे.
झाडणारी नवी बाई परवा विचारत होती,
यात कचरा जातो, सिमेंट का भरत नाही?